पितळेचे पातेले

वाचकहो, दिवाळीच्या आधी पंधरा दिवस आमच्या घरात सत्तांतर होते. एरवी घरात माझे थोडेफार चालते असा माझा समज आहे. या पंधरवड्यात तो समजही बाजूला ठेवावा लागतो. सारा कारभार सौ.च्या आणि सूनबाईंच्या हाती जातो, आणि मी, निवृत्त शास्त्र-शिक्षक, शिडीवर चढून माळ्यावरचे डबे खाली देण्याच्या कामावर रुजू होतो.

यंदा त्या डब्यांच्या मागून एक पितळेचे पातेले निघाले. दोन शेर दूध मावेल एवढे, काठाला जाड, बुडाशी आईच्या माहेरचे नाव कोरलेले. सूनबाई हरखून गेल्या. हल्ली पितळेला आणि तांब्याला पुन्हा चांगले दिवस आले आहेत. अंबरनाथ पश्चिमेच्या स्टेशनरोडवर पूर्वी जी भांडी मोडीत जात, तीच आता नव्या दुकानांतून काचेच्या कपाटात बसतात.

"बाबा, हे चिंचेनं लखलखीत करते," सूनबाई म्हणाल्या, "आणि बाळाच्या नाचणीच्या खिरीचं दूध यातच तापवू. स्टीलपेक्षा किती छान!"

आमचा पणतू आठ महिन्यांचा आहे. म्हणजे माझा नातू. पणतू माझ्या आईचा. आई पंच्याऐंशी वर्षांची आहे आणि खिडकीपाशी खुर्चीत बसून या सर्व उद्योगावर देखरेख करीत असते. मी शिडीवरून "नको" म्हणणार, एवढ्यात खुर्चीतून आवाज आला,

"त्यात दूध नको."

आईचा असा आवाज मी फार वर्षांत ऐकला नव्हता. सूनबाई गप्प झाल्या. सौ.नी माझ्याकडे पाहिले. मी शिडीची पायरी घट्ट धरून उभा राहिलो. कारण त्या पातेल्यात दूध का नको, हे घरात फक्त मला ठाऊक आहे, अशा समजुतीत मी पस्तीस वर्षे वावरलो होतो.

* * *

मला एक थोरली बहीण होती. मी तिला पाहिलेले नाही. ती १९६० साली जन्मली आणि १९६२ साली गेली. मी त्यानंतरच्या वर्षाचा. वडील तेव्हा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत होते, काका काडेपेटीच्या कारखान्यात. पश्चिमेला दोन खोल्यांच्या चाळीत दोघा भावांची बिऱ्हाडे एकत्र होती. एक चूल, एक म्हशीच्या दुधाचा रतीब आणि दूध तापवायला हे एक पातेले.

ताई तीन आठवड्यांची असताना आईला विषमज्वर झाला. महिनाभर ती अंथरुणाला खिळली, अंगावरचे दूध आटले, आणि ताईला वरचे दूध सुरू झाले. सकाळी तापवायचे, त्याच पातेल्यात झाकून ठेवायचे आणि दिवसभर त्यातलेच बोंडल्याने पाजायचे. मूल गुटगुटीत होते. वर्षाचे होता होता ते किरकिरे झाले. पोट वाढले. डॉक्टरांनी बरगडीखाली बोटे लावली, तर यकृताची कड हाताला लागली, टणक आणि धारदार. "लिव्हर," ते म्हणाले. त्या काळी या एका शब्दाने घरात चूल पेटत नसे. मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयातही नेले. तिथल्या डॉक्टरांनी खरे तेच सांगितले: यावर औषध नाही. आई सोमवारी उपाशी राहून रूळ ओलांडून वालधुनीकाठच्या शिवमंदिरात जाई. १०६० सालचे ते देऊळ. नऊशे वर्षांत किती आया तिथे असे मागणे घेऊन गेल्या असतील कोण जाणे. शेवटी कावीळ दिसली आणि काही आठवड्यांत सारे संपले.

मग दोष वाटण्याचे काम सुरू झाले. आजी म्हणाली, आईचे दूधच नासके होते. शेजारीण म्हणाली, दृष्ट. कोणी म्हणाले, बाळंतपणात हिने पथ्य पाळले नाही. हे सगळे मला काकूकडून कळले. आई या विषयावर कधी बोलली नाही, आणि वडीलही नाहीत.

* * *

आता शास्त्राच्या मास्तराला थोडे बोलू द्या.

बालपणीचा हा यकृताचा आजार आपल्या देशाचाच म्हणून वैद्यकात ओळखला जाई. कलकत्त्याच्या डॉ. सेन यांनी १८८७ साली त्याची नोंद केली होती. सहा महिने ते चार-पाच वर्षे वयाची मुले. बहुधा खात्यापित्या घरची. पुष्कळदा एकाच घरात एकामागून एक. नव्वद वर्षे त्याचे कारण सापडले नाही. कोणी म्हणे जंतू, कोणी म्हणे आहार, कोणी म्हणे वंश.

सुगावा लागला तो सूक्ष्मदर्शकाखाली. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात (आपण मुंबईकडचे लोक के.ई.एम. म्हटले की परळ समजतो, हे रास्ता पेठेतले) डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे हे बालरोगतज्ज्ञ ही मुले पाहत होते. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात डॉ. स्टुअर्ट टॅनर आणि त्यांचे सहकारी मुलांच्या यकृताचाच अभ्यास करीत होते. १९७८ साली लंडनच्या मंडळींनी प्रसिद्ध केले की, या आजारात यकृताच्या तुकड्याला ऑर्सीन नावाचा रंग दिला, तर पेशीपेशींतून गडद तपकिरी कण दिसतात. गृहिणींना सांगायला हरकत नाही की हा रंग मुळात दगडफुलाच्या जातकुळीतून निघतो. आपण गोड्या मसाल्यात घालतो, त्याच दगडफुलाच्या. ते तपकिरी कण म्हणजे पेशीत तांबे साठल्याची खूण.

पुढच्या वर्षी, १९७९ साली, तांबे मोजले गेले. या लेखावर लंडनकरांबरोबर पुण्याच्या डॉ. पंडितांचेही नाव आहे. निरोगी मोठ्या माणसाच्या यकृताचा एक ग्रॅम वाळवून पाहिला, तर त्यात तांबे पन्नास मायक्रोग्रॅमहून कमी भरते. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. या मुलांच्या यकृतात ते आठशेच्या पुढे, कधी हजारांच्या घरात होते.

तांबे हे काही विष नव्हे. ते शरीराला लागतेच, फक्त चिमूटभर. बाळ आईच्या पोटात असताना शेवटच्या महिन्यांत आपल्या यकृतात तांब्याची शिदोरी बांधून घेते. म्हणून आईच्या दुधात तांबे बेताचे असले तरी अडत नाही. यकृतातील पेशी ओळीने मांडलेल्या असतात. एका बाजूला रक्ताचा प्रवाह, दुसऱ्या बाजूला पित्ताची बारीक नाली. पेशी रक्तातून माल घेते, लागेल तेवढा वापरते आणि जास्तीचे तांबे पित्तावाटे बाहेर टाकते. राहिलेले ती एका प्रथिनात बांधून ठेवते, जशी आपण सुटी नाणी पदराच्या गाठीत बांधावी. तान्ह्या बाळाची ही बाहेर टाकण्याची वाट अजून पुरती रुळलेली नसते. त्यात वरून रोज तांबे येत राहिले की गाठी सुटतात, मोकळे तांबे पेशीला जाळते, मेलेल्या पेशींच्या जागी व्रणाचे तंतू येतात, आणि लोण्यासारखे यकृत दगडासारखे होते. तीच ती बरगडीखाली लागलेली कड.

पण हे तांबे येते कुठून? इथे डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शक बाजूला ठेवला आणि आयांना एक साधा प्रश्न विचारला: बाळाचे दूध कशात तापवता? हा स्वयंपाकघरातला प्रश्न. १९८३ साली टॅनर, भावे आणि पंडित यांचा लेख 'लॅन्सेट' या नियतकालिकात आला. आजारी मुलांना गाई-म्हशीचे दूध फार लवकर सुरू झालेले होते, आणि ते पितळेच्या किंवा तांब्याच्या भांड्यात तापवून तिथेच ठेवले जाई. पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. शंभर भागांत साठ-सत्तर भाग तांबेच. कल्हई असेल तर कथिलाचा थर मध्ये आड येतो. ती झिजली किंवा मुळात केलीच नाही, तर दुधातले केसीन हे प्रथिन पितळेतले तांबे ओढून घेते आणि धरून ठेवते.

मला इथे नेहमी एक गोष्ट आठवते. आपल्या आज्यांना पितळेचा हा स्वभाव ठाऊक होता. पितळेत ताक ठेवले की ते 'कळकते'. आमटी, कढी, चिंचेचे सार, सगळ्यांना हा नियम लागू. एवढ्यासाठी एक स्वतंत्र क्रियापद आपल्या भाषेत आहे. नवसागराचा धूर काढीत कल्हईवाला दारात बसे तो यासाठीच. पण कळकलेले ताक जिभेला कळते. ते फेकून देता येते. आमच्या घरात त्या पातेल्यातले दूध सर्वांनी चाखले होते, आणि कोणालाही कधी वेगळी चव लागली नाही. गोड दुधाने तक्रार केली नाही म्हणून कोणाला संशय आला नाही.

पुण्याच्या डॉक्टरांचे काम १९८३ ला थांबले नाही. १९८७ साली त्यांनी आजारी मुलांच्या आणि त्यांच्या जोडीला घेतलेल्या निरोगी मुलांच्या दुधापाण्याचा इतिहास शेजारी शेजारी मांडून दाखवला. त्याच वर्षी पेनिसिलामिन या औषधाच्या चाचण्यांचा वृत्तांतही आला. हे औषध शरीरातले तांबे लघवीवाटे काढते. कावीळ उमटण्याआधी ते सुरू केले, तर काही मुले वाचू लागली. फार उशीर झाला असेल तर त्याचाही इलाज नसे. आणि १९९२ साली डॉ. भावे, डॉ. पंडित व त्यांच्या सहकाऱ्यांचा जो लेख प्रसिद्ध झाला, त्याचा विषय होता हा आजार टाळायचा कसा. तोवर घरोघर स्टील आले होते आणि पुण्याच्या आसपास आयांना भांडे बदला म्हणून सांगितले जात होते. ज्या आजाराच्या नुसत्या नावाने घरे हादरत, तो आता इतका विरळ झाला आहे की तरुण डॉक्टरांना तो पुस्तकातच भेटतो. संशोधकाच्या आयुष्याला याहून मोठे यश कोणते म्हणावे? ज्याचा अभ्यास केला, तो रोगी दारात येईनासा झाला.

* * *

मी हे सारे शाळेत शिकवायला लागल्यावर, १९८० नंतरच्या दशकात, वाचले. ज्या संध्याकाळी वाचले, त्या संध्याकाळी घरी आलो तेव्हा आई स्वयंपाकघरात होती आणि ते पातेले ओट्यावर होते. मी काही बोललो नाही. काय बोलणार? आजी म्हणाली होती की दोष आईचा. शास्त्र आता म्हणत होते, पातेले आईचे. जी जखम पंचवीस वर्षांनी खपलीखाली गेली होती, ती ज्ञानाच्या नावाने उकलायचा मला काय अधिकार? १९९० साली मला मुलगा झाला, तेव्हा भांडे कसे बदलायचे याची मला मोठी चिंता लागली. पण त्याच महिन्यात एक चमत्कार झाला. बोहारीण आली आणि आईने तिला आपला लग्नातला शालू देऊन एक स्टीलचे पातेले घेतले. एक पातेले! सगळे तिला हसले. वडील म्हणाले, "फसवलं तुला." आई म्हणाली, "घासायला सोपं पडतं." मी मनात देवाचे आभार मानले आणि हसणाऱ्यांत सामील झालो.

परवा आईचा तो "नको" ऐकेपर्यंत मला त्या शालूचा अर्थ लागला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळी खरेदीला गेल्यावर पाहतो तो आई मोरीपाशी पाटावर बसून ते पातेले स्वतः चिंचेने घाशीत होती. मी शेजारी बसलो.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"तुला कधी कळलं?" तिने उलट विचारले.

मी सांगितले. तिने हिशेब केला. "म्हणजे माझ्या आधी दोन-तीन वर्षं. मला वाण्याच्या पुडीवर कळलं. शेंगदाण्यांची पुडी होती. वर्तमानपत्राचा अर्धाच कागद. पुण्याच्या डॉक्टरांनी शोधून काढलं म्हणून लिहिलं होतं. पुढचा भाग फाटलेला."

"मग बोलली का नाहीस?"

"कोणाशी बोलू? यांच्याशी? ते जन्मभर पितळच करत होते कारखान्यात. त्यांना वाटलं असतं आपल्यालाच बोलते आहे." तिने पातेले फिरवले. "आणि तुला सांगायचं तर तुला बहीण आठवतसुद्धा नाही. उगाच कशाला?"

अशा तऱ्हेने एका घरात आम्ही दोघांनी एकमेकांना जपण्यासाठी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवून ठेवली होती.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "एक मात्र मला कधी उलगडलं नाही. त्याच पातेल्यातलं दूध काकूची दोन्ही मुलं प्यायली. माझंच का?"

हा प्रश्न तिने पस्तीस वर्षे एकटीने बाळगला होता, आणि त्याचे उत्तर त्या फाटलेल्या अर्ध्या कागदावर असणे शक्यच नव्हते. मी तिला सांगितले: एक तर काकूची मुले अंगावर प्यायली, वरचे दूध त्यांना वर्षाच्या सुमारास लागले. ताईला चौथ्या आठवड्यात लागले, ते तुझ्या विषमज्वरामुळे. आणि दुसरे असे की, ऑस्ट्रियात टिरोल म्हणून डोंगरी मुलूख आहे. तिथेही तांब्याच्या भांड्यात दूध तापवीत. १९०० ते १९७४ या काळात तिथे १३८ मुले अशाच आजाराने गेली. १९९६ साली तिथल्या डॉक्टरांनी घराण्यांच्या वंशावळी तपासल्या. तीच भांडी वापरणाऱ्या घरांतही सगळी मुले आजारी पडली नव्हती. ज्यांना आईकडून आणि बापाकडून, दोघांकडूनही, एक विशिष्ट वारसा मिळाला होता, त्यांच्याच पेशींना ते तांबे पेलले नाही. आपल्याकडच्या मुलांतही असे काही जन्मजात असावे, असा पुष्कळ शास्त्रज्ञांचा कयास आहे.

"दोघांकडून?" आईने विचारले.

"दोघांकडून. अर्धं तुझं, अर्धं बाबांचं. एकाचंच असून भागत नाही."

आई क्षणभर थांबली. मग म्हणाली, "चला. संसारात एवढं तरी त्यांनी अर्धं उचललं म्हणायचं."

आणि ती हसली. मीही हसलो. पुष्कळ वेळ मग कोणीच बोलले नाही. तिच्या बोटांवरची चिंच वाळून गेली.

"भांड्याचं खोटं नव्हतं तर," शेवटी ती म्हणाली.

"भांड्याचंही होतं, आई. पण ते कारण झालं. दोष कोणाचा नव्हता."

शाळेत तीस वर्षे मी मुलांना कारण आणि परिणाम शिकवले. कारण आणि दोष यांतला फरक मात्र कोणत्याही पाठ्यपुस्तकात नव्हता, आणि तो मला मोरीपाशी बसून शिकावा लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी आयांना जेव्हा विचारले की दूध कशात तापवता, तेव्हा त्या प्रश्नात आरोप नसावा, म्हणूनच त्यांना खरे उत्तर मिळाले असावे. आमच्या आजीनेही प्रश्न विचारले होते. पण तिला उत्तर आधीच माहीत होते.

* * *

सूनबाईंना मी सगळे समजावून सांगितले आहे. तुम्हांलाही सांगतो, कारण पितळ-तांबे पुन्हा स्वयंपाकघरात येत आहे. मोठ्या निरोगी माणसाने तांब्याच्या लोट्यातले पाणी प्यायले, तर घाबरण्याचे काही कारण नाही. पितळेच्या भांड्याला चांगली कल्हई असू द्या, आणि आंबट पदार्थ त्यात ठेवू नका; हे तुमची आजीही सांगेल. पण तान्ह्या बाळाचे दूध, खीर, पेज या गोष्टी बिनकल्हईच्या पितळेत किंवा तांब्यात तापवू नका आणि ठेवूही नका. बाळाच्या पोटाची किंवा रंगाची शंका आली, तर घरगुती बाटल्या आणण्याऐवजी डॉक्टरांकडे जा.

पातेले मोडीत घालायला आईने नकार दिला आहे. ते आता देवघराशेजारी आहे. सूनबाईंनी त्यात पाणी घालून झेंडूची फुले सोडली आहेत. बाळाची खीर बोहारणीच्या त्या स्टीलच्या पातेल्यात होते. एका शालूचे ते पातेले आज पस्तीस वर्षे टिकले आहे. त्या सौद्यात आई फसली होती, असे आता आमच्या घरात कोणी म्हणत नाही.

भाऊबीजेला दर वर्षीप्रमाणे काकूची मुलगी मला ओवाळायला येईल. ती आता सहासष्ट वर्षांची आहे, आणि त्याच पितळेच्या पातेल्यातले दूध प्यालेली आहे. आई या वेळी दोन निरांजने लावणार म्हणते. दुसरे कशासाठी, हे मी विचारलेले नाही.

आपणां सर्वांस दीपावलीच्या शुभेच्छा.